फूटपट्टीच्या मधोमध

कुणाच्याही घरी गेले की ते आधी खांबावर तळहात ठेवत, मग माणसांना नमस्कार करत. यवतमाळच्या आमच्या ओसरीचा खांब साधा सागाचा, तरी त्यालाही रोज हा मान मिळे. "खुशाल ना रे?" हे आधी खांबाला, नंतर "खुशाल ना वहिनी?" हे मला.

मुलांनो, ते तुमच्या आजोबांच्या कचेरीतले इंजिनिअर. लोखंडी खांबावर किती भार सुरक्षित, याचे हिशोब आमच्याकडे चहाबरोबर चालत. एकदा मी म्हटलं, खांब जाड घेतला की झालं. त्यांनी खिशातली पोलादी फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबली. ती धनुष्यासारखी वाकली.

"लोखंड दबत नाही वहिनी, वाकते. आता मधे बोट ठेवा."

मी ठेवलं. पट्टी ताठ झाली. खांबांना मधोमध जोडणारा आडवा दांडा म्हणजे हे बोट. त्याच्या भरवशावर बारीक खांबही मोठा भार पेलतो.

घाटंजीकडच्या एका जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, बारीक खांबांवरच्या माळ्याचा हिशोब त्यांनी असाच, मधे दांडा धरून केला होता. वर कापसाच्या गाठी, खालून गाड्यांची वाट. हंगामात शिगोशीग भरलेली बैलगाडी त्या दांड्याला अडली. मागे गाड्या खोळंबल्या, म्हणून मुकादमानं दांडाच काढून ठेवला. वर गाठी रचणं चालूच होतं. खांब वाकला, माळा कोसळला आणि खालचा एक हमाल गेला.

चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. "गाडी अडकून राह्यली होती साहेब, हंगाम सरला की लावणारच होतो," म्हणत मुकादम रडला.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले ते खांबाला हात न लावताच. आजोबा पुन्हापुन्हा सांगत होते, तुझा हिशोब बरोबर होता.

"भाराचा होता," ते म्हणाले. "भरलेली गाडी किती उंच असते, हे कोणाले विचारलंच नाही मी. लहानपणापासून पाहून राह्यलो त्या गाड्या."

बोलता बोलता त्यांनी फूटपट्टी उभी धरून दाबली. ती वाकली. मी मधे बोट ठेवलं. पट्टी सरळ झाली, तरी ते दाबतच राहिले. माझ्या बोटावर वळ उठला, पण मी बोट काढलं नाही.

राजीनामा देऊन ते राळेगावकडे शेतीवर गेले. पुन्हा आले नाहीत. ओसरीच्या खांबावर, खांद्याच्या उंचीला, त्यांच्या हातानं गुळगुळीत झालेली जागा होती. घराला रंग देताना तेवढी जागा मी सोडायला सांगत असे.