आत्म्याचा वाद खाडीच्या चिखलात

बाप्तिस्मा घेऊन मला अकरा वर्षे झाली होती. ठाण्याच्या मिशन शाळेत मी मास्तर होतो आणि रविवारी मंडळीत गाणे सुरू झाले की माझा आवाज सर्वांच्या वर असे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, हा माणूस विश्वासात पक्का आहे. पण त्या वर्षी माझ्या मनाला एका प्रश्नाची वाळवी लागली, आणि ती लावली माझ्याच दोघा मित्रांनी. दोघेही भली माणसे. त्यांच्यावर माझा आजही राग नाही; तेव्हा मात्र होता.

पहिले आमचे उपदेशक शिलासभाऊ. देह भारी, आवाज त्याहून भारी. त्यांचे म्हणणे असे, की मनुष्याचा आत्मा अमर आहे, त्याचा नाश देवही करीत नाही. तारण पावलेला सदासर्वकाळ सुखात राहील आणि न पावलेला सदासर्वकाळ अग्नीत. दुसरे याकोबभाऊ. ते गावोगाव धर्माची पुस्तके विकीत हिंडत आणि अंगाने काडीसारखे होते. मुंबईला कोणा नव्या साहेबाचे प्रवचन ऐकून आले ते वेगळेच बोलू लागले. आत्मा मुळात अमर नाही, अमरपण ही प्रभूची देणगी आहे, आणि ज्याला ती मिळाली नाही तो गवताच्या पेंढीसारखा जळून नाहीसा होतो. “पेंढी कधी कायमची जळत राहिलेली पाहिलीत का?” असे ते शिलासभाऊंना विचारीत. त्यावर शिलासभाऊ मोठ्याने एक वचन सांगत, याकोबभाऊ हळू आवाजात दोन सांगत, आणि शाळेच्या ओट्यावरचे कावळे उडून जात.

लोक हसत. मला हसू येत नसे, कारण मला माझे वडील आठवत. ते कल्याणला तांब्यापितळेची भांडी घडवीत. माझ्या बाप्तिस्म्याच्या तीन वर्षे आधी ते वारले. प्रभूचे नाव त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकले, तेही आमच्या दुकानासमोर उभे राहून बोलणाऱ्या एका उपदेशकाकडून. वडील त्याला म्हणाले, “बुवा, जरा बाजूला सरा, उजेड अडतोय.” ही हकीकत मी एकदा भोळेपणाने शिलासभाऊंना सांगितली. त्यांनी बराच विचार केला आणि जड मनाने म्हणाले, “मास्तर, हा नकारच धरावा लागेल.”

तेव्हापासून वडील मला आगीत दिसू लागले. म्हणून याकोबभाऊंचे मत ऐकले तेव्हा पहिल्यांदा मला केवढे हायसे वाटले! वडील जळत नाहीत, ते नाहीतच. पण आठ दिवस गेले आणि हे त्याहून कठीण वाटू लागले. भांड्याला पोचा आला की जिभेने ‘च्’ करणारे, जेवताना स्वतःशीच हसणारे माझे वडील कुठेच नाहीत, देवाच्या आठवणीतही नाहीत? आग नको म्हणून मी बापाला विझवून टाकले होते. वर्गात मुलांना ‘आत्मा म्हणजे काय’ हा प्रश्न विचारायची पाळी आली की मी त्यांना भूगोल काढायला सांगू लागलो. त्या वर्षी आमच्या शाळेच्या मुलांना जगातल्या सगळ्या नद्या पाठ होत्या.

अशात धाकट्या भावाचे कार्ड आले. ‘आईला फार ताप आहे. यायचे तर ये.’ बाप्तिस्म्यानंतर मी एकदाच घरी गेलो होतो. आईने मला पाहिले आणि दार लावून घेतले होते. आता ती जाणार आणि तीही त्याच दोन वाटांपैकी एकीने, हा विचार मला बसू देईना. शेवटच्या घडीला का होईना, तिने प्रभूचे नाव घ्यावे म्हणून मी शिलासभाऊंना बरोबर चला म्हटले. ते लगेच निघाले. याकोबभाऊंना मी बोलावले नव्हते. पण मरणाच्या दारी शिलासभाऊंचा शब्द शेवटचा ठरावा, हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते; तेही निघाले.

सकाळची आगगाडी आम्ही फलाटावर उभे राहून चुकवली. गाडी आली तेव्हा दोघे अग्नी आणि पेंढीवर आले होते आणि मी मध्ये उभा राहून दोघांच्या बाह्या ओढीत होतो. गाडी गेली तरी त्यांना पत्ता नाही. पुढची गाडी संध्याकाळी. म्हणून मी बंदरावर धावलो आणि एका म्हाताऱ्या नावाड्याला गाठले. तो म्हणाला भरती सरत आलीय, आताच्या आता निघालो तर पोचू. मग याकोबभाऊंची पुस्तकांची पिशवी फलाटावर राहिल्याचे ध्यानात आले. ती आणेपर्यंत भरती सरली, तरी आम्ही निघालो.

दिवा गावाच्या पुढे, डोंबिवलीच्या अलीकडे आमची होडी चिखलात बसली. पाणी मागे सरत गेले आणि बघता बघता आमच्या चारी बाजूंना राखाडी, चकचकीत चिखल पसरला. पलीकडे तिवराच्या झाडांची रांग आणि तिच्यामागे कोरडी जमीन; हाकेच्या अंतरावर.

“आता होरी हालनार नाय,” नावाडी म्हणाला. “भरती यईपरत बसा. चिखलान कोनी उतरू नका.”

एवढे बोलून तो डोक्यावर फडके घेऊन लवंडला. शिलासभाऊ म्हणाले, देवाची इच्छा. याकोबभाऊ म्हणाले, इच्छा नव्हे, ओहोटी. आणि त्यावर दोघांचे सुरू झाले. मी जमिनीकडे पाहत होतो. आई तिकडे अखेरचे श्वास मोजत असेल आणि मी इथे होडीत बसून हे ऐकतो आहे! मी वहाणा काढल्या आणि उतरलो.

चार पावले बरी गेली. पाचव्याला गुडघ्यापर्यंत गेलो, पाय उपसू लागलो तर दुसरा मांडीपर्यंत गेला. चिखल थंड होता आणि त्याला धरून ठेवण्याची विलक्षण कला होती. मी ओरडलो. तेव्हा शिलासभाऊंनी जे केले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाण्याला लहान मुलासारखे भिणारा तो माणूस क्षणाचाही विचार न करता होडीतून माझ्या मागे उतरला. माझ्यापर्यंत पोचले ते, पण पोचले ते कमरेपर्यंत रुतून. याकोबभाऊंनी होडीतून वाकून छत्री पुढे केली. छत्री शिलासभाऊंच्या हाती आली आणि तिच्यामागून याकोबभाऊही आले, तोंडावर.

नावाड्याने उठून दोर फेकला. आम्ही धरला, पण म्हाताऱ्याला आम्ही ओढवेनात. त्याने दुसऱ्यांदा जोर केला, तेव्हाही आम्ही जागचे हललो नाही. मग तो शांतपणे म्हणाला, “पुढचे भरतीला पानी तुमचे डोक्यावरशी जाईल.”

शिलासभाऊ मोठ्याने प्रार्थना करू लागले. मी त्यांना पुष्कळदा प्रार्थना करताना ऐकले होते, पण त्या दिवशी तिच्यात एकही अलंकार नव्हता. नुसते, “प्रभो, काढ! प्रभो, काढ!” आवाज खाडीभर घुमला. याकोबभाऊ चिखल थुंकीत “आमेन” म्हणत होते. मी प्रत्येक ‘काढ’ला जोर करीत होतो आणि प्रत्येक जोराला आणखी खाली जात होतो.

तेवढ्यात तिवरांतून एक कोळीण आली. एक लांब फळी चिखलावर टाकून, तिच्यावर गुडघा टेकून, दुसऱ्या पायाने ढकलीत ती सरसर आली, जणू तेलावरून. कमरेला टोपली, तोंडात तंबाखू. आमच्यापासून दोन हातांवर थांबून तिने आम्हा तिघांना नीट पाहून घेतले.

“मना वाटला कोनाची म्हस रुतली,” ती म्हणाली.

तिने माझ्याकडे पाहिले. “तू कशाला झारतंस हातपाय? आरवा हो. पाठीवर पर.”

मला वाटले मी चुकीचे ऐकले. आडवा हो? ज्या चिखलाच्या भीतीने जीव गोळा झाला आहे त्याच्यातच पडू?

“उबा ऱ्हाशील त जाशील,” ती म्हणाली. “चिखल उबे मानसाला गिलतो, निजल्याला नाय. पर बाबा, पर. मी हाय ना.”

मी पडलो. ते लिहायला सोपे आहे. खरे तर मी डोळे मिटले, आईचे नाव घेतले आणि ज्या गोष्टीशी इतका वेळ झगडत होतो तिच्या अंगावर पाठ टाकली. आणि तिने मला धरले! वर पांढरे आकाश होते. कानांत चिखलाचा बारीक बुडबुडण्याचा आवाज येत होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या मनात एकही प्रश्न नव्हता. वडील कुठे आहेत, आई कुठे जाईल, मी कुठे आहे, काही नाही. फक्त मी मला धरून नाही, दुसरे कोणीतरी धरून आहे, एवढे कळत होते. पाय आपोआप हलके झाले. तिने फळी माझ्या काखेखाली सरकवली आणि मुळा उपटावा तसे मला ओढून काढले.

याकोबभाऊ लगेच निघाले, शिलासभाऊंना काढायला मात्र वेळ लागला. ते आडवे व्हायला तयार होईनात. शेवटी ती वैतागून म्हणाली, “तुमी तिघं बोलत काय होतंव एवढ्या जोरान? पार तिवरांत ऐकू येत होता.”

मी सांगितले की माणूस मेल्यावर आत्मा राहतो की नाहीसा होतो, यावर वाद होता.

“मेल्यावर बगा ना,” ती म्हणाली. “आता चिखलान हाव.”

त्यावर शिलासभाऊ आडवे झाले.

तिने आम्हाला किनाऱ्याला लावले. मी नाव विचारले तर म्हणाली, “नाव कशाला? जा, आईला बग.” आईचे मी तिला सांगितले होते की नाही, हे मला आजही आठवत नाही. मी हाक मारताना तिने ऐकले असेल. एवढेच ती म्हणाली, की या बाजूला ती कधी येत नाही, आज निवट्या इकडे पळाल्या म्हणून आली. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे बोटभर मासे. प्रभूने त्या दिवशी कोणाला पाठवले असेल ते मी सांगत नाही. जसे घडले तसे लिहितो.

रुळांच्या कडेने चालत आम्ही दिवेलागणीला कल्याणात शिरलो. चिखल वाळून अंगावर तडकला होता. वाटेत कुत्री भुंकली नाहीत, नुसती बघत राहिली. दाराशी पोचलो आणि माझा धीर सुटला. आत रडणे ऐकू येते का म्हणून कान दिला. आतून आईचाच आवाज आला. भाकरी कच्ची राहिली म्हणून ती सुनेला बोलत होती. ताप पहाटेच उतरला होता.

दारात तीन मातीचे पुतळे पाहून उशीला टेकून बसलेली ती सरळ झाली. मला ओळखायला तिला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, “अरे मेल्या, हे काय रूप! आधी मागल्या विहिरीवर जा.” आम्ही अंग धुऊन, भावाची जुनी धोतरे नेसून परत आलो, तर मी आपसूक उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. आई म्हणाली, “आत ये. पण भिंतीला टेकू नको, कालच सारवलीय.”

अकरा वर्षांनी आईने मला घरात घेतले ते या वाक्याने.

आम्हाला पत्रावळी वेगळ्या मांडायला ती विसरली नाही. पण गरम पेज मात्र तिने उठून स्वतः वाढली. शिलासभाऊंना दोनदा वाढली. त्यांचा देह पाहून तिला त्यांची काळजी वाटली असावी. मग तिने विचारले, “का रे, तुमच्यात काय म्हणतात? मी मेले म्हणजे माझं काय होईल?”

मी द्रोण खाली ठेवला. याच प्रश्नासाठी मी ठाण्याहून निघालो होतो. मी शिलासभाऊंकडे पाहिले. त्यांनी तोंड उघडले. वीस वर्षे ते या प्रश्नाचे उत्तर चौकाचौकांत देत आले होते. त्यांनी आईकडे पाहिले, हातातल्या द्रोणाकडे पाहिले आणि तोंड मिटले. याकोबभाऊ पेंढीचा दाखला देतील म्हणून मी त्यांच्याकडे वळलो. ते पत्रावळीच्या काड्या मोजू लागले.

“सांगा की,” आई म्हणाली. “येवढे शिकलेले तुम्ही.”

“आई,” शिलासभाऊ हळू म्हणाले, आणि त्यांना इतक्या हळू बोलता येते हे मला त्या दिवशी कळले, “ज्यानं तुम्हाला केलं त्याच्या हातात तुम्ही आहात. पुढचं आम्हाला नाही ठाऊक.”

“हेच,” याकोबभाऊ म्हणाले. माझ्या आठवणीत त्यांचे एकमत झालेले ते पहिलेच.

“मग एवढं तर मलाही ठाऊक होतं,” आई म्हणाली आणि भाकरी झाली का बघायला वळली.

आई त्यानंतर दोन वर्षे जगली. दर महिन्याला मी जात असे. भिंतीला न टेकता बसत असे. तिला मी प्रभूच्या गोष्टी सांगितल्या, तिला त्यातली हरवलेल्या मेंढराची आवडली, पण बाप्तिस्मा तिने घेतला नाही. ती गेली तेव्हा मला खांदा देऊ दिला नाही. मी मागून चाललो. चितेसमोर लांब उभा असताना तो जुना प्रश्न मला विचारावासा वाटला नाही. आत्मा अमर आहे की नाश पावणारा, हे शास्त्र्यांनी ठरवावे. त्यांनी आयुष्य द्यावे इतका तो प्रश्न मोठा आहे. मला एवढेच कळले आहे, की मी माझ्या माणसांना मुठीत घट्ट धरून अग्नीपासून वाचवू पाहत होतो, आणि ते काम माझे नव्हतेच. मूठ उघडली तेव्हा ती पडली नाहीत. त्या दयेबद्दल मी रोज उपकार मानतो.

आमच्या मंडळीत गेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची रीत नाही. मी करतो, हे आज प्रथमच कबूल करतो. मनात भीती असे की कधीतरी शिलासभाऊंना कळेल आणि मला मंडळीपुढे उत्तर द्यावे लागेल. एका रविवारी उपासना संपल्यावर गाण्याच्या वह्या ठेवायला मी प्रार्थनामंदिराच्या मागच्या खोलीत गेलो. शिलासभाऊ कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर होते. आवाज हळू ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला होता, पण तो त्यांचाच आवाज. दारापर्यंत येत होता.

“प्रभो, ती कल्याणची आई,” ते म्हणत होते, “आणि भांडी घडवणारे ते तिचे यजमान. उजेडाचं म्हणाले होते, ते मनावर घेऊ नकोस.”

मी वह्या तिथेच दाराशी ठेवल्या आणि पाऊल न वाजवता परतलो.