पाच दिसलं, दहा लिहिलं

"बघून सांग, आठवून नको." असं म्हणायची आणि समोरच्या वस्तूवर बोट ठेवायची. वस्तू कुठलीही असो, चहाचं पातेलं, बर्फाचा खडा, गंजलेला विळा. बोट असं दाबून ठेवायची की जणू ती वस्तू आता उठून पळणारच आहे.

ही बाई आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. नाशकातल्याच एका कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची. नोकरी तासावरची. दरवर्षी जूनमध्ये नव्याने नाव लागलं तर लागलं, नाही तर घरी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहून तिचा काही फायदा होणार नाही, आणि ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ती नावाशिवायही वाटेल, वाटायची असेल तर.

मी चौथी शिकलेली. मखमलाबादकडे आमचा मळा आहे, मेथी, कोथिंबीर, थोडा गुलाब, सणाला झेंडू. दुपारी मी ओट्यावर बसून जुड्या बांधते, आणि ओट्यावर बसलेल्या बाईला सगळं ऐकू येतं. ऐकलं तेच सांगते.

माझी नात कोमल त्या वर्षी त्याच कॉलेजात गेली, विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला. बारावीला पोरीला भरपूर मार्क. गल्लीत पेढे वाटले होते. माझा मुलगा, म्हणजे कोमलचा बाप, छाती काढून म्हणाला, "वर मॅडमच राहतात, आता काळजीच नाय." मॅडम तेव्हा खाली चहाला आल्या होत्या. त्यांनी गॅसवरच्या पातेल्याकडे बोट केलं.

"कोमल, पाणी उकळतंय. त्या बुडबुड्यात काय आहे?"

पोरीने एका दमात सांगितलं, "हायड्रोजन आणि ऑक्सिजन, मॅडम."

"हायड्रोजन? आजीच्या गॅसच्या जाळावर? मग तुमचं घर अजून उभं कसं?"

कोमलचं तोंड उतरलं. बाईने मग मला धरलं. "आजी, तुम्ही सांगा."

"हवा असंल."

"मग तासभर उकळलं तरी हवा संपत कशी नाही?"

"मॅडम, चहा पायजे का नको, ते सांगा आधी."

ती खळखळून हसली. मग म्हणाली, की ते पाणीच आहे. पाण्याची वाफ होते आणि पाणीच पाण्यातून वर येतं. फुटून त्याचं दुसरं काही होत नाही. मला ते लगेच पटलं असं नाही. पण कोमल तिच्या आईजवळ जाऊन पुटपुटली, "क्लासमध्ये असलं विचारत नव्हते," तेव्हा माझ्या लक्षात आलं की पोरगी चुकल्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं. विचारलं म्हणून वाईट वाटलं होतं.

तुमच्या घरातही असतील अशी मार्कवाली पोरं. बघा एकदा विचारून.

बाई गोड होती असं समजू नका. तोंडाने फटकळ. सटाण्याकडची. कॉलेजातून तापून आली की जिना चढता चढता फोनवर आईशी अहिराणीत भांडायची, आणि भांडण आईशी नसायचंच. "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे, एवढं एक वाक्य मला कळायचं. बाकी मी आवाजावरून ओळखायचे.

कॉलेजात तिची एक तक्रार कायम होती, की ही पुढे सरकत नाही. शेजारच्या वर्गाचे धडे संपत यायचे आणि ही पहिल्याच गोष्टीवर अडून बसलेली. मोल नावाचं काही तरी आहे म्हणे त्यांच्यात. त्यावर तिने एवढे दिवस घालवले की पोरांनी तिचं नावच मोलवाली ठेवलं. एकदा कोमल आणि तिच्या मैत्रिणी शंका विचारायला आल्या, तर वर खोलीत न नेता ती त्यांना घेऊन माझ्या ओट्यावरच बसली. समोर गुलाबाच्या गड्ड्या आणि झेंडूचं पोतं.

"आजी, गुलाब कसा विकता?"

"नगावर. वीसची गड्डी."

"आणि झेंडू?"

"किलोवर. झेंडू कोण मोजत बसंल?"

"ऐका," ती पोरींना म्हणाली. "अणू तर झेंडूहून किती तरी बारीक. मोजता येत नाहीत, म्हणून वजन करायचं आणि वजनावरून संख्या काढायची. कशाचं फूल जड, कशाचं हलकं, तेवढं माहीत पाहिजे. आजींना कळला मोल."

"मला काय पण कळलं नाय," मी म्हटलं. "मला मधी गुंतवू नका."

पोरी हसल्या. एकीने विचारलं, "मॅडम, हे असंच लिहिलं तर मार्क मिळतील?" बाईने पोत्यातला एक झेंडू उचलला आणि त्याच्याकडेच बघत राहिली. मला वाटलं आता हा पोरीच्या डोक्यात बसणार. पण तिने तो परत ठेवला.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

त्यांच्यात एक प्रयोग असतो. खाली काचेच्या भांड्यात अ‍ॅसिड, वर उभ्या नळीत दुसरं औषध. नळीतून थेंब थेंब सोडायचं. एक थेंब असा येतो की खालचं पाणी गुलाबी होतं आणि गुलाबीच राहतं. तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. त्या आकड्यावरून अ‍ॅसिड किती कडक ते कळतं. कॉलेजात हा आकडा वर्षानुवर्षं ठरलेला. दहा पॉइंट दोन. वरच्या वर्गातली पोरं खालच्यांना सांगतात, मोबाइलच्या ग्रुपवर आदल्या दिवशीच येऊन पडतो. घरातला मसाला सासूने सुनेला सांगावा तसा.

त्या वर्षी बाईने अ‍ॅसिड निम्मं पातळ केलं. चोरून केलं नाही. वर्गात सांगितलं, की आज बाटलीत वेगळं आहे, किती कडक ते तुम्हीच शोधा. बाटलीवर नवी चिठ्ठीही लावली. पोरांच्या कानावर गेलं, आत गेलं नाही. आकडा खिशात असल्यावर कोण ऐकतं?

पोरांनी प्रयोग केला. नळ्या पाचच्या आसपास थांबल्या, पाणी गुलाबी झालं, आणि सगळ्यांनी कागदावर लिहिलं दहा पॉइंट दोन. बाई फिरत आली. नळीत बघितलं, कागदावर बघितलं, पुन्हा नळीत बघितलं. तिने कुणालाच मार्क दिले नाहीत. शनिवारी येऊन पुन्हा करा, म्हणाली.

कोमल रडत घरी आली. मी जुडी खाली ठेवली.

"नळीवर काय दिसलं तुला?"

"पाच."

"मग दहा कसं लिहिलंस?"

"सगळ्यांचं दहाच असतं, आजी. पाच आलं म्हणजे माझंच चुकलं असणार ना."

"आपल्या काट्यावर पाच किलो मेथी आली तर तू दहा लिहिशील का गं?"

"ते वेगळं असतं."

पोरीवर राग काढावा तर तिचा चेहरा अगदी खरा होता. तिला खरंच वाटत होतं की डोळे चुकतात आणि ग्रुप चुकत नाही. हे तिला कुणी शिकवलं? आम्हीच. पेढे कशाबद्दल वाटले होते?

शनिवारी थोडी पोरं गेली. आमची गेली नाही, मावसबहिणीची हळद होती. हळदीला नेसायची साडी मात्र तिने दहा दुकानं बघून घेतली होती.

मग पालकांची तक्रार झाली. पाच-सहा बाप मिळून कॉलेजात गेले आणि त्यांत माझा मुलगा पुढे. जाताना मी दारात आडवी उभी राहिले.

"कुठं चालला?"

"आई, तू मधी बोलू नको. इंटर्नलचे मार्क गेले तर वर्ष जातं."

"पोरीने खोटं लिहिलं."

"सगळे तेच लिहितात. मॅडमला एकटीलाच शहाणपण आलंय का?"

"तिच्याच हातचं लोणचं कालच खाल्लंस तू."

"लोणच्याचा आणि याचा काय संबंध?" असं म्हणून त्याने गाडीला किक मारली. बाप झाला की माणसाची अक्कल कुठे जाते ते मला माहीत नाही. त्याच्या बापाचीही गेली होती.

कॉलेजच्या साहेबांनी पालकांना चहा पाजला. मार्क दुसऱ्याच कुणी तरी भरले, सगळ्यांना सारखे आणि चांगले. बाईला एवढंच सांगितलं, की रिझल्ट महत्त्वाचा असतो. जूनमध्ये नाव लागायचं तर पालकांसमोर एकदा चूक मान्य करा, विषय संपवू.

त्या संध्याकाळी मी जिना चढून वर गेले. गुडघे दुखतात म्हणून मी वर जात नाही, पण गेले. बाई पोळ्या लाटत होती.

"मॅडम, म्हणून टाका एकदा चुकलं. काय जातं तुमचं?"

"काय चुकलं म्हणू, आजी?"

"काय पण म्हणा. नोकरी ऱ्हाईल."

"नळीत पाच होतं."

"मला ठाव हाय पाच होतं. साऱ्या गावाला ठाव हाय."

"मग?" ती म्हणाली, आणि लाटणं तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मला तिचाही राग आला. पोटाला काय ती नळी घालणार होती? मी तिला मूर्ख म्हटलं. तोंडावर म्हटलं. तिने मला पोळी वाढली आणि मी ती खाल्ली, कारण तिच्या पोळ्या आमच्या सुनेच्यापेक्षा चांगल्या होत्या. ती पोरांना हळू शिकवते, हे खरं होतं. पण घाईने शिकलेली आमच्या घरातच होती आणि तिला पाच दिसूनही पाच लिहिता येत नव्हतं, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी घेऊन मी जिना उतरले.

जूनमध्ये नाव लागलं नाही. कुणी काढलं असं कुणी म्हणत नाही. यादीत नव्हतं, एवढंच.

बाईला पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम मिळालं. द्राक्षाची गोडी मोजायची, फवारलेलं औषध त्यावर किती उरलं ते तपासायचं. "बरं आहे," म्हणाली, "द्राक्षं पालकांना घेऊन येत नाहीत."

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा माझा मुलगा मळ्यात निघून गेला. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सामान थोडंच होतं, गादी, भांडी, पुस्तकांची खोकी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एवढ्यात कोमल खाली आली. महिनाभर तिने बाईकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"त्या प्रयोगात शेवटच्या एका थेंबाने गुलाबी होतं. मग आधीच्या सगळ्या थेंबांचं काय झालं?"

मी कपाळाला हात लावला. "आता विचारतेस? वर्षभर तोंडात काय होतं?"

पण बाईने खोकं खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर एकदम वेगळंच काही आलं, ते मला लिहिता येत नाही. ती अंगणात उकिडवी बसली.

"आधीचा प्रत्येक थेंब अ‍ॅसिड संपवत होता. त्यातच तोही संपत होता, म्हणून दिसत नव्हता. अ‍ॅसिड संपलं, आणि पुढच्या थेंबाला करायला काही उरलं नाही. तो तसाच राहिला. तो तुला दिसला."

"पण एकाच थेंबाने एवढा फरक?"

"हां," बाई म्हणाली, "हे विचारायला पाहिजे." आणि मातीत काडीने रेघ ओढायला लागली. रेघ लांबपर्यंत सपाट गेली आणि मग एकदम भिंतीसारखी उभी चढली. कोमल तिच्यासमोर बसली, नवा ड्रेस मातीत.

"ओ मॅडम, निघायचं का?" ड्रायव्हर ओरडला. "मला पुढची वर्दी हाय."

"गप बस जरा," मी त्याला म्हटलं. "शाळा चालू हाय."

त्याने आणखी दोनदा हॉर्न वाजवला. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. भिंत का उभी राहते इथपर्यंत त्या दोघी आल्या होत्या, पण तेवढ्यात टेम्पोच्या मालकाचा फोन आला आणि बाईला उठावंच लागलं. "फोनवर सांगते," म्हणाली. पॅकहाऊसला रेंज नसते. दुसऱ्या दिवशी सुनेने सडा घातला आणि ती रेघ गेली.

आता कोमल दुसऱ्या वर्षाला आहे. नवे सर आलेत. झपाझप शिकवतात, आकडा स्वतःच फळ्यावर लिहून देतात, पालक खूश आहेत. परवा मी मेथी निवडत होते, ती शेजारी येऊन बसली आणि आपणहून म्हणाली, "आजी, मी सरांना विचारलं. ती रेघ भिंतीसारखी का चढते म्हणून."

"मग?"

"हे परीक्षेला येत नाही म्हणाले. वर म्हणाले, खाली बस."

मी निवडायची थांबले. "मग काय केलंस?"

ती मेथीची पानं तोडत राहिली.

"बसले," म्हणाली.