वस्तऱ्याच्या पाठीवरची टेप

नवरात्रात आमच्या घरी सगळ्यांत जास्त लाड व्हायचे ते एका वस्तऱ्याचे. माझे तर नाहीतच, पण देवीचेही तेवढे नाहीत. खंडेनवमीला दुकानातल्या कात्र्या, कंगवे, मशीन सगळं घरी पाटावर मांडायचं आणि मधोमध सासऱ्यांचा जुना वस्तरा ठेवायचा. तो बोथट असताना पूजेला ठेवायचा नाही, हा घरचा नेम. म्हणून आदल्या दिवशी माझे यजमान धारेचा दगड पाण्यात भिजत घालत, आणि मग घरात कुणी मोठ्यानं शिंकलेलंही त्यांना खपत नसे. खरं तर गिऱ्हाइकाच्या गालावर तो वस्तरा फिरून जमाना झाला. आता उचगावात काय आणि कोल्हापुरात काय, सगळीकडे अर्ध्या ब्लेडचे वस्तरे. एक दाढी झाली की ब्लेड फेकून द्यायचं. तरी याचे नखरे कायम.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि डॉक्टरांनी यांच्या हाताच्या थरथरीला नाव दिलं, कंपवात. दुकान पुतण्या बघू लागला. हे मात्र मनात एक धरून बसले होते. मला म्हणाले, "ह्या येळची धार माझ्या हातनं लागली, तर दसरा झाला की दुकानात उभा राहतोय बघ." मी लगेच व्हय म्हटलं. मला तेव्हा गोळ्यांवर फार भरवसा होता.

अष्टमीच्या दुपारी दगड भिजला. पहिलं काम टेप लावायचं. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की धार आणि तिच्यामागची जाड पाठ दोन्ही टेकतात, आणि दगड दोन्ही खातो. सासऱ्यांनी कधी टेप लावली नाही, त्यामुळे पाठ चपटी होत चालली होती. यांनी वायरिंगची काळी टेप लावायला सुरुवात केली, तेव्हापासून झिजायची ती टेप झिजते आणि पाठ शाबूत राहते. पण त्या दिवशी टेप नीट बसेचना. आधी सुरकुती पडली, मग आत फुगा राहिला, आणि त्याच्या पुढच्या खेपेला यांचं बोट धारेच्या इतकं जवळ गेलं की मी ओरडलेच.

"मग तू लाव की!" म्हणत त्यांनी वस्तरा माझ्यापुढे सरकवला.

लग्न होऊन आले तेव्हापासून या वस्तऱ्याला मला हात लावू दिला नव्हता. मी त्यानं गवारी निवडेन अशी भीती असावी.

"हातात धरून नगं. टेबलावर आडवा ठेव, धार पलीकडं कर. पाठ जरा कडंच्या भाईर काढ. आता टेप लांबीनं चिकटीव, अर्धी वर, अर्धी खाली दुमड. ताणू नगं, मागनं आखडती. अंगठ्यानं दाब, पर धारंकडं सरकू नगं. जादाची कात्रीनं काप."

टेप बसली. यांनी कोपर बरगडीला टेकवलं, उजवं मनगट डाव्या हातानं धरलं आणि वस्तरा दगडावर चालवायला घेतला. थोड्या वेळानं खिडकीशी जाऊन टेप बघितली. एका अंगाला ती झिजून आतलं पोलाद दिसत होतं, दुसऱ्या अंगाला कोरी करकरीत.

"हात एकीकडंच पडतोय," म्हणाले. "बदल."

मी जुनी सोलून नवी लावली. पुन्हा तेच झालं. मग त्यांनी खुर्ची बदलली, दगडाखाली ओलं फडकं घातलं, खिडकी उघडली, माझ्यावर ओरडून घेतलं. टेबलावर काळ्या तुकड्यांचा ढीग साठला. शेवटी वस्तरा दगडावरच उडाला आणि असा आवाज झाला की माझे दात शिरशिरले. त्यांनी हाताच्या केसांवर धार फिरवून बघितली. एक केस तुटला नाही.

त्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "धार तूच लाव."

मला वाटलं, देवाचं काम अडून राहायला नको. जन्मभर भाकऱ्या थापून माझा हात दोन्हीकडे सारखा पडतो. हे डोळे मिटून दगडाचा आवाज ऐकत होते. मध्येच म्हणत, "दाबू नगं," "उलटताना पाठीवरनं उलट." झाल्यावर त्यांनी टेप बघितली. दोन्ही अंगांना सारखी घासली होती. हातावर वस्तरा टेकवला तर केस अलगद उतरले. मी वेड्यासारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता हसतील म्हणून.

"लागली," एवढंच म्हणाले, आणि कपडे न बदलता आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं मांडली, झेंडूची माळ घातली, यांच्यासाठी पाट ठेवला. हे खुर्चीतून उठलेच नाहीत.

"तू बस. धार लावील त्यानं पूजा करायची असती."

असा काही रिवाज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आजवर दोन्ही कामं तेच करत आले होते.

"अहो, मी काय दाढ्या करणार हाय व्हय? या की तुम्ही."

"बस म्हटलं न्हवं."

मी बसले. वस्तऱ्याला हळदीकुंकू लावलं, फूल वाहिलं. आदल्या दिवशी माझाही हात बिघडायला हवा होता, धार लागायलाच नको होती, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. आरतीला यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, ओठ तेवढे हलत होते. आरती झाल्यावर मी प्रसाद घेऊन गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. तोंड उघडलं.