कोशाचे पतंग आणि मुंगूस

गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी लाखनीहून आंबागडच्या पायथ्याशी आले. सासरी रेशमाच्या कोशांचं काम. बियाण्याच्या कोशांच्या माळा एका खोलीत टांगलेल्या असायच्या. पावसाच्या सुरुवातीला त्यांतून तळहाताएवढे पिवळे, तांबूस पतंग निघायचे. त्यांनी अंडी घातली तर घरचं काम, नाही तर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत मजुरी. पाळी आलेल्या बाईनं त्या खोलीकडे फिरकायचंसुद्धा नाही.

मी लाखनीची, हायवेवरची पोरगी, मला काय ठाऊक! पतंग दोन दिवस काहीच खाईनात, माझा जीव कळवळला. सकाळी सगळे बांधीवर गेल्यावर गुळाच्या पाण्याची वाटी आत ठेवली आणि दार नुसतं लोटून आले. त्या पतंगाला खायला तोंडच नसतं, हे मला फार नंतर कळलं.

थोड्या वेळानं पाहते तर आत मुंगूस! खाली पंखांचा सडा. आणि मी येडी चक्क हरखले, कारण मुंगसाचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो, असं लहानपणापासून ऐकलेलं. मग भानावर आले. पतंग उपाशीच जन्मतो, मुंगसाचं पोट भरत नाही. बरं, उंदीर मारून कोश राखायचं तेही हेच मुंगूस. शिव्या कोणाला घालू? ते पळालं, मी वाटी पदराखाली लपवली.

सासूबाई पंख पाहून म्हणाल्या, "जनावर आपल्या मनानं येत नाही. खोली कोनं बाटवली?"

मी तोंड उघडणार, तोच थोरली जाऊ रडत म्हणाली, "मीच असन. काल अंगणात बसली होती, माही सावली गेली असन." तिची पाळी चालू होती, पण ती खोलीच्या जवळपासही गेली नव्हती. मी गप्प बसले. भ्याले, दुसरं काय!

त्या वर्षी आम्ही सगळे मजुरीला गेलो. जावेनं पुन्हा कोशाला हात लावला नाही.

आता दोघींचेही केस पिकले. परवा तांदूळ निवडताना मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटी, दार, मुंगूस. वाटलं, तिच्या मनावरचं ओझं उतरेल, मग मला हव्या तेवढ्या शिव्या देऊ दे.

ती सुपातले खडे बाजूला काढत राहिली. म्हणाली, "दार तं आमच्याकडूनबी कितीकदा उघडं राहिलं, बाई. मुंगूस त्याच दिवशी काहून शिरलं?"

मग खडे टाकायला उठली, आणि कोशांच्या खोलीला वळसा घालून गेली.