झाकण नसलेलं मशीन

करारबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्या एकट्याच प्रोग्रामर, आणि प्रोग्रामर लोक ज्याला इंटरफेस म्हणतात त्याला त्या करार म्हणत. करारात काय काम करून द्यायचं एवढंच लिहायचं. ते कोण करणार आणि कसं, याची चौकशी करायची नाही. उद्या काम करणारा बदलला तरी बाकीच्या प्रोग्रामला पत्ता लागत नाही.

ही कल्पना बाईंना इतकी आवडली की बारा वर्षांत त्यांनी दिसेल त्याला करारात बांधलं. अहवाल छापायला करार, तारीख लिहायला करार. प्रत्येक करारामागे राबणारा क्लास, म्हणजे ते काम प्रत्यक्ष करणारा प्रोग्रामचा तुकडा, मात्र एकच. दुसरा कधी आला नाही, यायचं कारणही नव्हतं. उमेदवार एकच असताना मतपेटी मांडून बसावं, तसा थाट. त्यांची धाकटी नणंद त्याच लॅबमध्ये टेक्निशियन होती, त्यामुळे यावरचे टोमणे घरपोच मिळत.

रक्त तपासणारं मशीन बदललं तर प्रोग्राम जोडायला किती वेळ लागेल, असं मुख्य डॉक्टरांनी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. "एक दिवस," बाई म्हणाल्या होत्या. "करार आहे." हे चार लोकांनी ऐकलं होतं आणि चौघांच्याही ते लक्षात राहिलं.

सोमवारी जुनं मशीन बंद पडलं. मंगळवारी सकाळी नवं आलं आणि डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डांना कळवून टाकलं, की बुधवारपासून अहवाल नेहमीसारखे मिळतील. तोवर नणंद एका उसन्या छोट्या मशीनवर तपासण्या करून आकडे हाताने वहीत उतरवत होती.

बाईंनी मशीनचा करार उघडला. त्यात पाच कामं होती: झाकण उघड, सॅम्पल घे, झाकण लाव, सुई धू, निकाल दे. नव्या मशीनला झाकणच नव्हतं. सुई ते आपली आपण धूत होतं. पण कराराचा शब्द मोडायचा कसा? बाईंनी नव्या क्लासमध्ये 'झाकण उघड' लिहिलं. त्यात काही न करता 'उघडलं' असं उत्तर दिलं. सुईच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा.

दुपारी नणंद पडद्यासमोर उभी राहिली. "वहिनी, झाकण लावा म्हणतंय. कुठलं?"

"समज, आहे."

"बरं. लावलं कधी समजू?"

बाईंनी तेही प्रोग्रामलाच समजून घ्यायला लावलं. मग पहिला अहवाल आला. जुनं मशीन निकाल तिथल्या तिथे देई. नवं वीस मिनिटांनी, अख्ख्या ट्रेचा एकदम. प्रोग्रामने ताबडतोब निकाल मागितला, हाती काहीच आलं नाही, त्याने ते छापलं.

"हिमोग्लोबिन शून्य," नणंदेने वाचून दाखवलं. "पेशंट बाहेर बाकावर पेपर वाचतोय."

बाईंनी तो अहवाल हातात घेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "तुला मशीनकडून नक्की काय हवं असतं गं?"

"सॅम्पल दिलं की आकडे. तयार नसतील तर नाहीत म्हणावं. बाकी त्याने आत काय करायचं ते करावं."

बारा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. बाईंनी करार म्हणून जे लिहिलं होतं ते जुन्या मशीनचं वर्णन होतं. देणाऱ्याकडे बघून लिहिलं होतं. मागणारी तर रोज त्यांच्याच पंगतीला जेवत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत त्या डॉक्टरांकडे गेल्या. "एक दिवस म्हणाले होते. तीन लागतील."

"करार आहे म्हणाला होतात."

"चुकीचा होता. आज घाईने चालू केलं, तर एखादा आकडा शून्यापेक्षा खरा वाटेल असा चुकेल."

डॉक्टरांनी वॉर्डांना पुन्हा फोन लावले. त्या फोनवर काय बोलणं झालं ते बाईंना ऐकू जावं, एवढं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं.

नव्या करारात दोनच कामं राहिली: सॅम्पल नोंदव; आणि निकाल तयार असेल तर दे, नसेल तर तसं सांग. त्यामागे नवं मशीन बसलं. दुरुस्त होऊन येणाऱ्या जुन्यालाही तिथेच जागा झाली, झाकणासकट. त्याचं झाकण आता त्याची खासगी बाब होती. तिसरं एक खोटं मशीन, म्हणजे मशीनचं नुसतं सोंग घेणारा क्लास, बाईंनी स्वतः लिहिलं. ते मुद्दाम उशीर करी, मध्येच नाही म्हणे, म्हणजे रक्ताचा थेंब न वापरता प्रोग्राम तपासता येई. छपाई-तारखेचे करार त्यांनी काढून टाकले. प्रोग्रामला पत्ता लागला नाही.

शुक्रवारी सकाळी नणंदेने पहिला ट्रे लावला. पडद्यावर आलं: निकाल अजून तयार नाही.

तिने ते दोनदा वाचलं, वही मिटली आणि चहाला गेली.