म्हसोबाचं उरलेलं आणि माझी फूटपट्टी

आमच्या घरात माझ्या आधी कुणी पाटी हातात धरली नव्हती. आई-वडील नगर-मनमाड रस्त्यावर खडी फोडायचे. रस्त्याच्या कडेला पोत्यांचं पाल, तीन दगडांची चूल, आणि काम पुढं सरकलं की पालही पुढं सरकायचं. माझ्या लहानपणी कुणी आमचा पत्ता विचारला असता तर मैलाचा दगड सांगावा लागला असता. आईच्या डाव्या हाताची दोन नखं हातोड्याखाली सापडून कायमची काळी पडली होती. पाणी मागायला वस्तीवर गेलं की आधी कुत्री बोलायची, मग माणसं. दुसऱ्याच्या आडाचं पाणी वरून ओंजळीत घेऊन प्यायचं, हे मी चालायला शिकलो तेव्हाच शिकलो.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांना एक खोड होती: बंद पडलेली मोटार दिसली की हातातला हातोडा टाकून ते बघायला जायचे. ढकलायला हात लावायचे आणि बदल्यात ड्रायव्हरला प्रश्न विचारायचे. असं विचारता विचारता ते उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीचे क्लीनर झाले आणि काही वर्षांनी ड्रायव्हर. अंगठा उठवून त्यांनी लायसन घेतलं. त्या पुस्तिकेत त्यांचा फोटो होता. आमच्या घरातला तो पहिला फोटो. छातीवर पितळी बिल्ला आला, नगरात भाड्याची एक खोली आली, आणि मी शाळेत गेलो. ही सगळी रचना त्या लायसनावर उभी होती, हे मला नवव्या-दहाव्या वर्षीच कळत होतं.

महायुद्धाच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं. तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. गाडीच्या मागं एक उंच लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा. दादांच्या गाडीची भट्टी सांभाळायला एक पन्नाशीचा माणूस होता. त्याला सगळे कोळसेबुवा म्हणायचे. पापण्यांवरसुद्धा काजळी बसलेली. हा माणूस हसला की फक्त दात दिसायचे.

गाडी नगर ते कोल्हार जायची. नगर सोडलं की विळदचा घाट उतरावा लागतो. घाटाच्या तोंडाशी एक शेंदूर फासलेला म्हसोबा होता, आणि ड्रायव्हर लोकांचा रिवाज असा की दर अमावास्येला तिथं गाडी थांबवायची, नारळ फोडायचा आणि गुत्त्यातून आणलेली दारूची पावबाटली उघडायची. पुढच्या चाकाभोवती तिची एक धार फिरवायची, थोडी देवापुढं ओतायची. बाटलीत जे राहील ते ड्रायव्हरनं तिथंच उभ्या उभ्या घ्यायचं. त्याला 'म्हसोबाचं उरलेलं' म्हणत. ते सांडलं किंवा दुसऱ्याला दिलं तर घाटात गाडी दगा देते, असा समज. उतारूही मुकाट्यानं बसून राहात. उलट एखाद्यानं हे केलं नाही तर त्यांनाच धास्ती वाटायची.

दादा एरवी दारूला शिवत नसत. ही त्यांची बाजू घेतो असं नाही, जे होतं ते सांगतो. उरलेलं पिणं म्हणजे दारू पिणं, असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. ते तीर्थासारखं होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात होतो त्या साली एका अमावास्येला दुपारी दादांनी नेहमीसारखं सगळं केलं आणि घाट उतरायला लागले. शेवटच्या वळणापुढं कडब्याची एक बैलगाडी चालली होती. दादांना ती दिसली. त्यांनी ब्रेक दाबला. तरी मोटार बैलगाडीवर गेलीच. बैल जू तोडून पळाले, चाक मोडलं आणि गाडीवान खाली सापडला. त्याची मांडी मोडली.

पोलिसांनी दादांना सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी जामिनावर सुटून ते घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. मला राहवेना. डॉक्टरनं काय केलं, हे मी विचारलं. आता वाटतं, त्या वेळी विचारायला नको होतं, पण विचारलं. दादा म्हणाले, आधी तोंडाचा वास घेतला. मग खडूच्या रेघेवरून चालायला लावलं, डोळे मिटून एका पायावर उभं केलं, बोट नाकाला लावायला सांगितलं. शेवटी सही करा म्हणाला. सहीवरून हात थरथरतो का ते कळतं म्हणे. दादांनी अंगठा पुढं केला तेव्हा डॉक्टरचीच पंचाईत झाली.

"समदं बराबर केलं मी," दादा म्हणाले. "रेघ सोडली न्हाई. मग मी प्यालेला कसा?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात जाऊन बसला. खरंच, कसा? माणूस किती प्याला म्हणजे प्यालेला?

दादांच्या मोटारमालकाच्या वकिलाचा कारकून ओळखीचा होता. त्याच्या ओसरीवर बसून मी मोटार कायद्याचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. कारकून म्हणाला, "बापाचा खटला पोरगा चालवणार का काय?" मी म्हटलं, वाचायला तर द्या. कायद्यात असं होतं की माणूस झिंगून पडलाच पाहिजे असं नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येणार नाही इतकी दारू पोटात असली की गुन्हा झाला. त्याला कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि वर लायसन काढून घेण्याचा अधिकार. रेघेवरून चालता येतं का, याच्याशी कायद्याला विशेष देणंघेणं नव्हतं. तीर्थ-प्रसादाचा तर सबंध पुस्तकात उल्लेख नव्हता. मी मुद्दाम शोधला.

इकडं मालक एक तोड घेऊन आले. ते खाटेच्या काठावर बसले आणि वकिलानं काय सांगितलंय ते त्यांनी सांगितलं. कोळशाच्या गॅसनं माणसाला घेरी येते हे सगळ्या जगाला माहीत आहे. भट्टीचं झाकण ढिलं राहिलं, गॅस आत शिरला, ड्रायव्हरला भोवळ आली, असं कोर्टात म्हणायचं. वास आला तो देवाला वाहताना हातावर सांडलेल्या दारूचा. लायसन वाचतं, मालकावरचं बालंटही टळतं.

"आन् झाकन कुनी ढिलं ठेवलं म्हनायचं?" दादांनी विचारलं.

मालक म्हणाले, ते उघडच आहे. भट्टी ज्याच्या ताब्यात, त्यानं.

म्हणजे कोळसेबुवा. दादांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मालक गेल्यावर आई म्हणाली, लायसन गेलं तर पोराची शाळा जाईल. ते खरं होतं. आणि दादांनाही मनातून वाटत होतं की आपल्याला दारू चढली नव्हती, तर मग गॅसच असेल. ते खोटं बोलायला निघाले नव्हते. त्यांना खरं काय ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. म्हणून मी शोधायचं ठरवलं.

पहिल्यांदा स्टँडवर जाऊन कोळसेबुवाला गाठलं. झाकणाचं विचारलं. त्यानं मला भट्टी उघडून दाखवली, झाकणाच्या कडेला माती कशी लिंपतो ते दाखवलं. तो म्हणाला, त्या दिवशी भट्टीलगतच्या बाकावर बसलेल्या बाया कोल्हारच्या बाजाराला निघाल्या होत्या. त्यांतल्या एकीचंही डोकं दुखलं नव्हतं. शिवाय तो स्वतः भट्टीला सगळ्यांपेक्षा जवळ होता. मालकाची तोड त्याच्याही कानावर गेली होती. तो एवढंच म्हणाला, "डायव्हरला म्हनावं, सांगायचं तर सांग. मी कुटंबी कोळसा उचलीन. पर मला भट्टी येत न्हाई असं कुनी म्हनू नये."

राहिली दारू. ती कशी मोजायची? शाळेत सरांनी वरून सोडलेल्या वस्तू किती वेगानं पडतात ते शिकवलं होतं. मला एक युक्ती सुचली. दादांचा अंगठा आणि बोट थोडं उघडं ठेवायचं, मध्ये माझी फूटपट्टी उभी धरायची आणि न सांगता सोडायची. ती त्यांनी पकडायची. जितके इंच निसटली तितका हाताला उशीर.

दादांना मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, हाकलून देतील. पण बंद मोटारीपाशी हातोडा टाकून जाणारा तोच माणूस हा. त्यांचे डोळे चमकले. आईला म्हणाले, "बघू तर खरं."

रविवारी सकाळी परसात आम्ही बसलो. दहा वेळा पट्टी सोडली. पाच-साडेपाच इंचांवर दादांची पकड बसायची. एकदाही सहाच्या वर गेले नाहीत. ड्रायव्हरचा हात तो. मग पावबाटली उघडली. चाक नव्हतं म्हणून पाट्याभोवती धार फिरवली, थोडी जमिनीवर ओतली आणि उरलेलं दादांनी घेतलं, अमावास्येला घेत तेवढंच. आई पदर नाकाला लावून उंबऱ्यात बसली होती. "शेजारनीला काय सांगू? पोरगा अभ्यास करतोय म्हनून?" असं ती म्हणाली.

घाट उतरायला लागतो तेवढा वेळ आम्ही थांबलो. मग पुन्हा दहा वेळा पट्टी सोडली. आठ इंच. नऊ. नऊ. साडेनऊ. तीनदा तर ती सरळ खाली पडली आणि दादांची बोटं मागाहून मिटली.

मी आकडे वाचून दाखवले. दादांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. दुसरी पट्टी तर नाही ना, अशी.

"मला तर पयल्यावानीच वाटलं रं," ते म्हणाले. "उलट वाटलं, आता लवकर धरली."

आई उंबऱ्यातून म्हणाली, "हाताला कळलं. तुमाला न्हाई कळलं."

दादांनी मला विचारलं की एवढ्या उशिरात मोटार किती पुढं जाते. उतारावरचा वेग धरून मी गणित केलं, पण त्यात आणखी एक भर होती: हाताला उशीर, तर डोळ्यांना आणि पायालाही असणार. मी म्हटलं, नुसत्या हाताच्या हिशेबानं दोन-तीन फूट. पाय धरला तर जास्त. दादा म्हणाले, गाडीवान तेवढ्याच अंतरात होता.

खटला उभा राहिला तेव्हा मी शाळा बुडवून कोर्टात गेलो. वकिलानं गॅसची गोष्ट काढली. मॅजिस्ट्रेटनी दादांना विचारलं, गॅसनं चक्कर आली होती का? दादांनी हात जोडले.

"न्हाई साहेब. भट्टी चांगली हुती. म्हसोबाचं उरलेलं मी प्यालो. ते प्याल्यावर हात उशिरा बसतो. हे मी घरी मोजलंय."

वकिलानं कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेट लिहायचे थांबले. कशानं मोजलं, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, "फूटपट्टीनं. ह्या माज्या पोराच्या." कोर्टात हशा पिकला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. किती वेळा सोडली, किती वेळानं सोडली. आणि मग म्हणाले की कबुलीची आणि पहिल्याच गुन्ह्याची दखल घेतो, पण एका माणसाचा पाय मोडला आहे, आणि देवाच्या नावानं प्याली तरी दारू ती दारूच. शिक्षा झाली: कोर्ट उठेपर्यंत कैद, दंड आणि एक वर्ष लायसन बंद. लायसनावर गुन्ह्याची नोंद. दादा संध्याकाळपर्यंत कोर्टातल्या बाकावर शिपायाशेजारी बसून होते. मी बाहेर उभा होतो. मला लाज वाटली का, असं पुढं कितीतरी जणांनी विचारलं. नाही वाटली.

मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला. कोळसेबुवा भट्टीवर राहिला. दादा वर्षभर साखर कारखान्यावर उसाच्या मोळ्या उतरवत होते. रविवारी गाडीवानाच्या वस्तीवर जाऊन त्याची पडेल ती कामं करायचे. पहिले दोन रविवार त्या माणसानं त्यांच्याकडं पाहिलंही नाही. तिसऱ्या रविवारी म्हणाला, "आलास? बैल सोड मग." त्याचा पाय जुळला, पण लंगडणं राहिलं. ते कुठल्याही शिक्षेनं भरून आलं नाही, आणि दादांनी तसं कधी म्हटलंही नाही. मी सकाळी पोरांच्या शिकवण्या घेतल्या, आईनं दळणं घेतली. शाळा सुटली नाही.

वर्ष भरल्यावर दादांना लायसन परत मिळालं आणि दुसऱ्या एका मालकाची गाडी मिळाली. अमावास्येला ते म्हसोबापाशी थांबले. नारळ फोडला, धार फिरवली आणि बाटली तळापर्यंत देवापुढं उपडी केली. मागच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला होता. तो म्हणाला, "एकट्या देवालाच पाजतोस व्हय? उरलेलं कुटाय?"

"त्याला घे म्हनलं सगळं," दादा म्हणाले. "त्याला कुटं गाडी हाकायचीय?"

उतारू कुरकुरले. घाट मात्र गाडी नीट उतरली. पुढच्या अमावास्येलाही उतरली. वर्ष-दीड वर्षात त्या रस्त्यावरच्या आणखी चार-पाच ड्रायव्हरांनी बाटली उपडी करायला सुरुवात केली. काहींनी शेवटपर्यंत केली नाही.

कायद्यात एक सोय होती, ती मला त्याच पुस्तकात सापडली होती. ठरावीक वर्षं पुन्हा गुन्हा घडला नाही तर नोंद नसलेलं नवं लायसन मागता येतं. तो अर्ज मी स्वतः इंग्रजीत लिहिला. दादांना कोरं लायसन मिळालं. त्याच साली मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन घरी आलो. दादांनी त्यानंतर म्हातारपणापर्यंत मोटार चालवली आणि त्यांच्या गाडीखाली पुन्हा कुणी सापडलं नाही.