शेजारणीच्या लग्नाबद्दल मी दिलेली साक्ष

न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमधली मराठी माणसं मला 'सर' म्हणतात. मी बरीच वर्षं इथे विद्यापीठात मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवला. व्हायकिंगांचा समाज आणि पुढे चर्चने त्याच्यावर बसवलेला कायदा हा माझा विषय. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी दरवर्षी विचारतंच, "सर, पुण्याचा माणूस महाराजांना सोडून या शिंगवाल्यांच्या मागे कसा लागला?" त्यांच्या टोपांना शिंगं नव्हती, एवढंच मी सांगतो.

बरं म्हणावं असं माझं पुस्तक एकच, साक्षीदारांवरचं. जुन्या आइसलँडमध्ये आणि नंतर बिशपच्या न्यायालयांतही आरोपीने शपथ घेतली की त्याच्या बाजूने शेजारी उभे राहत. घटना त्यांनी पाहिलेली नसे आणि पाहिली असं ते म्हणतही नसत. 'आम्ही याला ओळखतो, याची शपथ खरी आहे असं आम्ही मानतो,' एवढंच म्हणायचं. आजचा वाचक याला हसतो. हसू नये, हे सांगायला मी तीनशे पानं खर्च केली. शेजारी राहणाऱ्याला जे माहीत असतं ते कागदाला नसतं, असं माझं म्हणणं होतं.

आमच्या शेजारच्या घरात सांगलीकडची एक मुलगी राहते. शिकायला आली होती, आता शहराच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत लॅबमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी रजा काढून गावी गेली, घरच्यांनी ठरवलेलं लग्न केलं, नवऱ्याबरोबर अकरा दिवस राहिली आणि एकटीच परत आली. मग नवऱ्याच्या व्हिसाचा अर्ज केला. लग्न खरं आहे असं सांगणारी पत्रं जोडा, असं एजंटने सांगितलं म्हणून ती माझ्याकडे आली.

"सर, तुम्ही द्याल का? तुमच्या लेटरहेडला वजन आहे."

"देतो की."

"मी काय लिहायचं ते पाठवू?"

"मला शिकवतेस काय?" मी म्हणालो. दोघंही हसलो.

मी अर्धं पान लिहिलं. अर्जदार सुशील शेजारीण आहे. तिच्या पतीला मी भेटलेलो नाही. दोघांना एकत्र पाहिलेलं नाही. त्यांच्या सहजीवनाबद्दल मला प्रत्यक्ष माहिती नाही. हे मी थेट एजंटला पाठवलं आणि तिला म्हणालो, "दिलं पाठवून, काळजी करू नकोस." एजंटने ते न वाचताच गठ्ठ्यात घातलं असावं.

पाच महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला. नकाराचे कागद घेऊन ती आमच्या स्वयंपाकघरात आली. एका परिच्छेदाखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती.

"सर, ही वाक्यं तुमची आहेत?"

"हो."

तिने ती पुन्हा वाचली. "खोटं काही नाही यात," ती म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, बायकोने पुढे केलेला चहा उभ्याउभ्याच प्यायली आणि गेली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, तिच्या पुरणपोळ्या खाताना नाही लागला पुरावा तुम्हाला."

आता मी काय पाहिलं होतं ते लिहितो. दुपारी तीनला शिफ्टवरून आली की ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालते. चिमट्यांच्या टोपलीत फोन उभा असतो. तिकडे तेव्हा सकाळ, नवरा कामावर निघायच्या घाईत. त्याचा डबा, तिची शिफ्ट, कुणाचं काय दुखतंय, हे सगळं मला कुंपणाआडून ऐकू येतं. दिवाळीत तिने फोन माझ्याकडे फिरवला तर तो म्हणाला, "नमस्कार सर. गुडघा कसा आहे आता?" माझ्या गुडघ्याचं माझ्या मुलालाही ठाऊक नव्हतं. तिच्या सासऱ्यांचं बायपास झालं त्या दुपारी ती आमच्याकडेच बसली होती, तो डॉक्टरांशी बोलून येईपर्यंत फोन हातात धरून. यातलं एकही वाक्य पत्रात नव्हतं.

काटेकोरपणा म्हणून ते गाळलं, असं मी बायकोला सांगून पाहिलं होतं. तेही खोटं. आमच्या विभागात एकदा चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं, ही बाहेरून आलेली मंडळी एकमेकांना वाट्टेल ती पत्रं देतात. त्या मंडळींत मला बसायचं नव्हतं. तिच्या लग्नापेक्षा मी माझं लेटरहेड जपलं.

मी एजंटला फोन केला. दुसरं पत्र देतो म्हणालो.

"नको सर," तो म्हणाला. "तुमचं नवं आलं की ते जुनं काढून शेजारी ठेवतील. मग आधी का नाही लिहिलं, हा प्रश्न. त्यात ती आणखी अडकेल."

तो बरोबर सांगत होता. जबानी बदलणाऱ्या साक्षीदाराचं बिशपच्या न्यायालयात काय होई, यावर माझं एक प्रकरणच आहे.

तिने पुन्हा अर्ज केला. मला विचारलं नाही. तिच्या घराच्या पलीकडच्या बाजूला एक म्हातारा गोरा राहतो. जन्मभर त्याने टौरंगाच्या बंदरापर्यंत ओंडक्यांचा ट्रक चालवला. एका शनिवारी तो जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत आला, हातात पान.

"किया ओरा, प्रोफेसर. स्पेलिंग बघ रे जरा. त्या पोरीसाठी लिहिलंय."

मी चष्मा लावला. त्याने लिहिलं होतं: 'त्या गड्याला मी भेटलेलो नाही. पण कुंपणापलीकडून रोज तिचं हसणं ऐकतो. भाषा मला कळत नाही. चाळीस वर्षं संसार केलाय, त्यामुळे बाई नवऱ्याशी बोलत असली की मला कळतं. हवं तर बायबलवर हात ठेवून सांगतो.'

स्पेलिंगच्या तीन चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. बाकी कुठेही पेन लावलं नाही.

"चालेल ना?" त्याने विचारलं.

"चालेल."

"तू दिलंस ना तुझं?"

"दिलंय. मागेच."

"मग झालं. तुझ्यापुढे माझं कोण वाचतंय."

तो गेला. या गोष्टीला चार महिने झाले. उत्तर अजून आलेलं नाही, आणि दुपारी तीन वाजले की मी मागचं दार लावून घेतो.